कूलर थंड हवा का देत नाही?



आपल्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. एसी मोजक्या घरांत, पण कूलर बहुतेक घरांत. एप्रिलमध्ये तो खिडकीत बसला की आठ दिवसांत वर्गात तक्रार येते, "सर, आमचा कूलर नुसता वारा फेकते जी!" म्हणून बाष्पीभवनाचा पाठ मी कूलरवरूनच शिकवतो.

१ लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. तेवढंच पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापवायला लागते त्याच्या पाचपटीहून जास्त! कूलरमध्ये ही उष्णता ताट्यांतून जाणाऱ्या गरम हवेतूनच घेतली जाते, म्हणून हवा गार होते. माठाचंही तेच.

आता तपासणी. पण आधी एक नियम मुलांकडून पाठच करून घ्या: कूलरला हात लावण्याआधी, अगदी पाणी भरतानाही, बटण बंद करून प्लग काढायचा. लोखंडी बॉडी, पाणी आणि वीज एकत्र असतात. कूलरचा शॉक लागून मूल दगावल्याच्या बातम्या आपण उन्हाळ्यात वाचतोच. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तपासणी मोठ्यांनीच करावी, मुलांनी बघून कारण सांगावं.

१. ताट्या सगळीकडून ओल्या होतात का? कोरडा पट्टा दिसला तर तिथून गरम हवाच आत येते.

२. पाइपची छिद्रं क्षारांनी बुजली का? पंपाच्या जाळीत कचरा अडकला का?

३. ताट्या क्षार बसून कडक झाल्या असतील तर बदलाव्या.

४. पंखा मंद फिरतो का? कंडेन्सर कमजोर झाला असू शकतो. ते काम मेकॅनिकचं.

५. खोली बंद आहे का? एसीला दारं-खिडक्या बंद लागतात, कूलरला उलट. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. ओलसर हवा बाहेर गेली नाही तर कूलर नीट असूनही उकडतं.

हे सगळं ठीक असूनही जुलैत कूलर गार करत नाही. का? वर्गात दोन तापमापी टांगा, एकाच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळा आणि पंख्याचा वारा लागू द्या. कडक उन्हाळ्यात दोन्हींत १५ अंशांहून जास्त फरक पडू शकतो, भर पावसाळ्यात जेमतेम दोन-तीन. कूलर साधारण या फरकाइतकीच हवा गार करू शकतो. तेव्हा मेकॅनिकला बोलावून पैसे घालवू नका, साधा पंखा लावा.

आणि हो, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कडा घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास टाकीच्या कडेलाच अंडी घालतो.

हा प्रयोग आपल्या वर्गात जरूर करा. मुलं घरी जाऊन आधी प्लग काढायला सांगतील, तेव्हा पाठ समजला म्हणायचं.