एका मृत्युपत्राचे वाचन

मराठी वाचकाला १८८१ हे साल आठवते ते ‘केसरी’मुळे. ४ जानेवारीला पुण्यात ‘केसरी’ निघाला. २ फेब्रुवारीला लाहोरात ‘द ट्रिब्यून’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू झाले. पुढे दैनिक झालेले हे पत्र चंदीगडच्या वास्तव्यात माझ्या नित्य वाचनात आले. त्याचे संस्थापक सरदार दयालसिंग मजिठिया यांच्याविषयी मला कुतूहल वाटू लागले, ते मात्र त्यांच्या मृत्युपत्रामुळे.

शीख दरबारातील सरदार लेहनासिंग यांचे हे पुत्र. वडिलोपार्जित जहागिरीवर स्वस्थ बसणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी लाहोरातील इमारतींत आणि जवाहिऱ्यांच्या व्यापारात पैसा गुंतवून संपत्ती वाढविली. १८७०च्या दशकात दोन वर्षे ते इंग्लंडात राहिले. १८९४ साली लाहोरात भारतीय भांडवलावर पंजाब नॅशनल बँक स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच होते. लाला हरकिशनलाल यांच्यासारख्या पंजाबी गृहस्थांबरोबर एक बंगाली आणि एक पारशीही त्या उभारणीत होते. ठेव ठेवायची ती अनोळखी माणसाच्या भरवशावर. बँक म्हणजे मुळात विश्वासाची संस्था. मजिठियांचे दानही याच जातीचे होते.

त्यांना अपत्य नव्हते. १८९५ च्या मृत्युपत्राने त्यांनी आपल्या मालमत्तेचा मोठा भाग महाविद्यालय, ग्रंथालय आणि वृत्तपत्र यांसाठी विश्वस्तांच्या स्वाधीन केला. १८९८ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या पत्नी राणी भगवान कौर यांनी न्यायालयाची पायरी चढली. जन्माने शीख आणि मताने ब्राह्मो असा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने हिंदू ठरतो काय, असा विलक्षण प्रश्न त्यातून उभा राहिला. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने तो ठरतो, असा निर्वाळा दिला.

दानशूरांच्या चरित्रांत पत्नीची बाजू बहुधा एका ओळीत उरकलेली असते. ज्या घरातून संपत्ती समाजाकडे गेली, त्या घराचे काय झाले, हा प्रश्न मला क्षुद्र वाटत नाही. दानाच्या थोरवीने तो मिटतही नाही. तो मनात ठेवूनच या मृत्युपत्राचे मोल करावयास हवे. साहित्यकृती लेखकाच्या पश्चात वाचकांच्या हाती जाते, तसे मृत्युपत्रही दात्याच्या पश्चात परक्यांच्या हाती जाते; आपला अर्थ सांगावयास दाता उरलेला नसतो. हयातीत दिलेल्या देणगीवर दात्याची नजर असते आणि कौतुकाचा वाटाही त्याला मिळतो. मजिठियांनी मात्र आपली संपत्ती परक्यांच्या विवेकावर सोपविली.

तो विवेक फाळणीने कसास लावला. १९१० साली सुरू झालेले महाविद्यालय आणि ग्रंथालय लाहोरातच राहिले. आजही तेथे त्यांचे नाव आहे. वृत्तपत्र १९४७ साली शिमल्यास, पुढच्या वर्षी अंबाल्यास आणि १९६९ साली चंदीगडला आले. त्याच वर्षी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. भांडवल सरकारजमा झाले. वृत्तपत्र विश्वस्तांकडेच राहिले. लाहोर गमावलेल्या पंजाबसाठी वसविलेल्या या नगरात लाहोरचे एक वृत्तपत्र रोज सकाळी दारात पडते. त्यामागे कोणा वारसाची मालकी नाही, हीच मजिठियांची खरी गुंतवणूक असे मला वाटते.