बिनठिपक्याची गोगलगाय

जुलै २०२२. लातूरकडे मामाच्या शेतात सोयाबीन नुकतं दोन पानांवर आलं होतं आणि शंखी गोगलगायींनी रातोरात ओळीच्या ओळी फस्त केल्या होत्या. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर अंथरायची, पहाटे त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मीही दोन बादल्या भरल्या. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ हे तोवर माणसांबद्दलच ऐकलं होतं; मामाने ते खऱ्या गोगलगायीला शिवीसारखं हासडलं.

ही शंखी मूळची पूर्व आफ्रिकेची. तिच्याविषयी वाचताना तिच्या एका दूरच्या, गरीब बहिणीची गोष्ट हाती लागली. पॅसिफिक महासागरातल्या ताहिती, मूरेआ या बेटांवर पार्तुला नावाच्या गोगलगायी झाडांवर राहतात. आकार जेमतेम बोटाच्या पेराएवढा. खाणं कुजकी पानं आणि बुरशी. अंडी घालत नाहीत. जिवंत पिल्लू देतात, तेही एका वेळी एकच. त्यांच्या शंखांच्या माळा बेटावरचे लोक करत.

तिथेही शंखी पोचली आणि शेतात शिरली. तिच्या बंदोबस्तासाठी १९७०च्या दशकात फ्लोरिडाची मांसाहारी गोगलगाय आणून सोडली. आगीतून फुफाट्यात! पाहुणीने शंखीला सोडून इवल्याशा पार्तुलावर ताव मारला. मूरेआवर तिला १९७७ साली सोडलं. दहा वर्षांत तिथल्या रानातून पार्तुला गेली.

उरल्या त्या शास्त्रज्ञांनी वेळेवर उचलून नेलेल्या. लंडन, एडिंबरा अशा प्राणिसंग्रहालयांत प्लॅस्टिकच्या डब्यांमध्ये त्यांचा संसार सुरू झाला. सगळ्या तगल्या नाहीत. पार्तुला टर्जिडा या जातीची शेवटची गोगलगाय जानेवारी १९९६मध्ये लंडनला मेली. लाखो वर्षांचा वंश एका डब्यात संपला.

प्राणिसंग्रहालयात मीही वाघापुढेच रेंगाळत आलो आहे. पण वाघाचं आख्खं रान पिंजऱ्यात मावत नाही. पार्तुलाची आख्खी जात मात्र एका कपाटात मावते. जागा थोडी, खर्च थोडा, आणि कौतुक त्याहून थोडं. रांग जिथे लागत नाही, तिथे संग्रहालयाचं खरं काम चाललेलं असतं, असं आता वाटतं.

मामाला हे सांगितलं तेव्हा तो हसला. ‘‘आपण मिठात टाकायच्या अन् तिकडं डब्यात घालून जगवायच्या व्हय!’’ मला उत्तर सुचलं नाही. दोन्हीकडे गोगलगाईने स्वतःहून काहीच केलं नव्हतं. तिला उचलून भलतीकडे नेणारा हात माणसाचाच होता.

२०१५पासून डब्यातल्या पार्तुला बेटांवर परत सोडल्या जाताहेत. सोडण्यापूर्वी शंखावर रंगाचा बारीकसा ठिपका देतात, म्हणजे रात्री शोधताना आपली कोणती ते कळतं. २०२४ साली मूरेआच्या रानात पार्तुला तोहिवेआना जातीच्या पूर्ण वाढलेल्या गोगलगायी सापडल्या. शोधणाऱ्यांनी शंख नीट न्याहाळले.

ठिपका नव्हता.