तळ्यांच्या काठाने झाशीला

बुंदेलखंडाला समुद्र नाही, पण सागर मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरत नाहीत. एकट्या महोब्यात राहिलसागर, कीरतसागर, मदनसागर, विजयसागर, कल्याणसागर. पुढे जैतपूरला बेलासागर. झाशीच्या अलीकडे बरुआसागर. हे सगळे माणसांनी बांधलेले तलाव. दोन टेकड्यांमधली खिंड दगडमातीच्या बांधाने अडवायची आणि पावसाचं पाणी मागे साठवायचं, हे काम चंदेल राजांनी नवव्या शतकापासून तेराव्यापर्यंत केलं, आणि त्यांच्यानंतर बुंदेल्यांनीही केलं. या मुलुखाच्या पोटात ग्रॅनाइट आहे. विहीर खणली तरी पाणी लागेलच असं नाही. पावसाळ्यात जे अडवलं तेच वर्षभर पुरवायचं, म्हणून कोकणी माणूस ज्याला तळं म्हणेल त्याला इथे सागर म्हणतात.

या सागरांच्या काठाने मी आणि माझा भाचा गेल्या कार्तिकात मोटारसायकलवरून गेलो. बनारस ते झाशी, पाच दिवस, सहाशे किलोमीटरच्या आतबाहेर. त्याने पुण्याहून गाडी रेल्वे पार्सलने आणली होती, टाकी रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून. त्याचे मित्र रेवदंड्यापासून मालवणपर्यंत किनाऱ्याने जाऊन आले होते आणि हा नेमका त्याच वेळी घरच्या कामासाठी बनारसला अडकला होता. "मावशी, तुमच्याकडे समुद्र नाही गं," असं तो तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याला सागरांची यादी वाचून दाखवली.

घरचं काम म्हणजे घर विकणं. ब्रह्माघाटाच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. पंचगंगा, ब्रह्मा, दुर्गा या घाटांच्या मागे एके काळी मराठी घरांची रांगच होती. एकनाथांनी भागवत पुरं केलं ते काशीत, गागाभट्ट काशीचे, विश्वनाथाचं मंदिर १७८० मध्ये अहिल्याबाईंनी पुन्हा उभं केलं. इथल्या मराठी माणसाला पुण्याकडे बघून जगण्याची गरज वाटली नाही ती त्यामुळे. आता रांग विरळ झाली आहे. आमच्या घराचे सात वारस, त्यांतले सहा महाराष्ट्रात. भाचा माझ्या बहिणीचं मुखत्यारपत्र घेऊन आला होता. घेणाऱ्याला तिथे यात्रेकरूंसाठी खोल्या बांधायच्या होत्या. एक कागद यायला आठवडा लागणार होता. तो आठवडा आम्ही रस्त्यावर काढला.

देवदिवाळीचे दिवे विझले त्याच्या दुसऱ्या पहाटे निघालो. प्रयागराजला यमुना ओलांडली आणि संध्याकाळी कर्वीला पोचलो. मी मागे बसले होते. मागे बसणाऱ्याला देश जास्त दिसतो, चालवणाऱ्याला खड्डे.

कर्वी म्हणजे चित्रकूटचं शेजारचं गाव. रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र अमृतराव १८०३ नंतर इंग्रजांकडून वर्षाला सात लाखांचं पेन्शन घेऊन इकडे आले. पुण्याची गादी गेली, पण पैसा होता. त्यांच्या मुलाने, विनायकरावांनी, इथे गणेशबाग उभारली. नक्षीदार देऊळ, समोर पाणी आणि बाजूला मजल्यामजल्यांनी जमिनीत उतरत गेलेली बावडी. भाच्याने हेल्मेट काढून सगळीकडे फिरून फोटो घेतले. "मावशी, हे आपलं," तो म्हणाला.

आपलं होतं खरं. विनायकरावांच्या मागे दत्तक घेतलेली मुलं, नारायणराव आणि माधवराव, सत्तावन्नच्या धामधुमीत सापडली. जून १८५८ मध्ये जनरल व्हिटलॉकच्या फौजेने कर्वीचा खजिना ताब्यात घेतला. ती लूट कोणकोणत्या पलटणींनी वाटून घ्यायची यावर लंडनच्या न्यायालयात वाद चालला आणि निकाल १८६६ मध्ये लागला. बांदा आणि कर्वीची लूट याच नावाने तो खटला इंग्लंडच्या कायद्याच्या पुस्तकांत आहे. पुण्याहून आलेला पैसा असा विलायतेला गेला. बावडीच्या पायऱ्यांवर मात्र अजून माणसं बसलेली असतात. आत गार लागतं.

दुसऱ्या दिवशी बांदा. बाजीराव आणि मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर १७६१ च्या पानिपतावर जखमी होऊन गेला. त्याचा मुलगा अली बहादूर याने या भागात राज्य कमावलं आणि त्याच्या वंशजांना बांद्याचे नवाब म्हणू लागले. शहराला लागून त्यांच्या नावाचा तलाव आहे, लोक त्याला 'नवाब टँक' म्हणतात. केन नदीत इथे शजर नावाचा गारगोटीचा दगड मिळतो. कापून घासला की आत झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसते. डिसेंबर २०२४ मध्ये खजुराहोला केन आणि बेतवा जोडण्याच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली, त्यामुळे चहाच्या टपरीवर विषय तोच. एकजण म्हणत होता, पाणी येईल. दुसरा म्हणत होता, आमच्या बापजाद्यांचे ताल आधी उपसा, मग नदी आणा.

महोब्यात दोन रात्री राहिलो. कीरतसागर कीर्तिवर्म्याचा, अकराव्या शतकातला. मदनसागर मदनवर्म्याचा, बाराव्या शतकातला, आणि त्याच्या पाण्यात एका खडकावर ग्रॅनाइटचं शिवमंदिर उभं आहे. ११८२ मध्ये पृथ्वीराज चौहान महोब्यावर चालून आला आणि आल्हा-उदल कीरतसागराच्या काठी लढले, असं इथलं पोरही सांगतं. दरवर्षी राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिथे कजलीचा मेळा भरतो, बायका रुजवलेले कोवळे अंकुर तळ्यात सोडतात. लढाईची आठवण सुद्धा पाण्यातच सोडायची. तळ्यांच्या ओलीवर देशावरी पानाचे मळे आहेत, गवताने शाकारलेले, आत अंधार. पानवाल्याला आम्ही बनारसचे आहोत कळलं तेव्हा त्याने पैसे घेतले, पण दुसरं पान न मागता लावून दिलं.

बांधावर उभं राहिलं की या कामातली अक्कल दिसते. बांध मातीचा, पाण्याकडच्या अंगाला दगडाच्या पायऱ्या. पाणी चढलं तर लाट पायरीवर फुटते, माती शाबूत राहते. पाणी उतरलं की त्याच पायऱ्या घाट होतात. बांधाखाली जमिनीत जे पाणी झिरपतं ते खालच्या विहिरींना मिळतं. एक तळं भरलं की सांडवा पुढच्या तळ्याकडे. हे सगळं चालतं ते वरच्या वाटा मोकळ्या असतील तर. महोब्यात कित्येक ठिकाणी त्या वाटांवर घरं आहेत.

भाच्याचं लक्ष पुढच्या मुक्कामावर होतं. चरखारीला त्याने तात्या टोपेंसाठी गाडी थांबवली. १८५८ च्या आरंभी तात्यांनी हे संस्थान घेतलं होतं. टेकडीवर किल्ला आणि खाली एकापुढे एक तळी, त्यांत कमळं. पण त्याची खरी जागा जैतपूर होती. किल्ल्याचे अवशेष आणि समोर पसरलेला बेलासागर. मोहम्मद खान बंगशाने छत्रसालाला जेरीला आणलं होतं. छत्रसाल ऐंशीला टेकलेला. मार्च १७२९ मध्ये बाजीराव महोब्याला येऊन पोचले, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. मग बंगशच जैतपुरात कोंडला गेला. मदतीला आलेल्या त्याच्या मुलाचा पराभव झाला, आणि ऑगस्टमध्ये, पुन्हा बुंदेलखंडावर येणार नाही असं लिहून देऊन तो बाहेर पडला. "माझ्याहून एकच वर्षाने मोठा, मावशी," भाचा म्हणाला. तो बराच वेळ तटाकडे बघत होता. मला त्याची चेष्टा करावीशी वाटली नाही.

काठावर एक म्हातारा शिंगाडे निवडत बसला होता. त्याने विचारलं, "कौन गाँव के हो?"

"बनारस."

"लड़के की बोली तो बनारस की नहीं है।"

"मराठी आहोत," मी सांगितलं. त्याने मान हलवली. "अच्छा, पेशवा वाले। वो तो आए थे यहाँ।"

भाचा खुलला. त्याने हिंदीत, अधूनमधून मराठीत घसरत, सगळा वेढा सांगितला. म्हाताऱ्याने शिंगाडे सोलता सोलता ऐकला. शेवटी म्हणाला, "चैत-बैसाख में आए थे? इतनी फ़ौज, इतने घोड़े। तब तो पानी इसी का पिया होगा।"

आणि त्याने आमच्या हातावर मूठभर शिंगाडे ठेवले.

पुढे मऊराणीपूरपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही. मी हिशेब करत होते. चैत्र-वैशाखात हजारो घोडी आणि माणसं या ग्रॅनाइटच्या मुलुखात कशावर जगली, हे आमच्या कुठल्याच पुस्तकात मी वाचलं नव्हतं. छत्रसालाने उपकार मानून राज्याचा एक तृतीयांश भाग बाजीरावांना दिला, १७३१ मध्ये त्याच्या मागे तो मराठ्यांकडे आला. झाशी, सागर, काल्पी. गोविंदपंत बुंदेले इथून वसूल पाठवत राहिले, पानिपताच्या तोंडावर मारले गेले तोपर्यंत. हे आम्हाला शाळेत कळलं. तो वसूल कोणाच्या बांधामुळे पिकत होता, ते कळलं नाही. मराठ्यांनी इथे काही बांधलंच नाही असं मी म्हणणार नाही. देवळं आहेत, वाडे आहेत, कर्वीची बावडी आहे. पण कित्येक शतकांपूर्वीच राज्य बुडालेल्या राजांचं पाणी आमच्या फौजेने प्यायलं आणि काठावरच्या माणसाला ते आमच्याआधी सुचलं.

बरुआसागर ओर्छ्याच्या उदितसिंहाने अठराव्या शतकात बांधला. बांधाखालची जमीन ओली राहते, म्हणून इथलं आलं आणि भाजीपाला प्रसिद्ध. सकाळी मंडईत आल्याच्या गोण्यांचा डोंगर लागला होता आणि भाच्याने गाडीवर दोन किलो आलं बांधून घेतलं, पुण्याला न्यायला.

झाशीत किल्ला आधी बघितला, मग लक्ष्मीताल. काठावर नेवाळकरांचं महालक्ष्मीचं देऊळ आणि गंगाधररावांची छत्री. ते नोव्हेंबर १८५३ मध्ये गेले. त्यांची राणी आमच्या बनारसची, भदैनीत जन्मलेली मनकर्णिका. शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं याच तळ्यात येत राहिलं आणि जलपर्णी माजली. काठ आता फरसबंद केले आहेत, संध्याकाळी लोक फिरायला येतात.

भाच्याला २०१६ आठवलं. तेव्हा तो लहान होता, पण एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ते त्याने टीव्हीवर पाहिलं होतं. त्याच मे महिन्यात एक गाडी झाशीलाही येऊन थांबली होती. राज्य सरकार म्हणालं आम्हाला नको, मग डबे रिकामे होते असं निघालं. "म्हणजे हेच लातूर," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "मावशी, आपल्या चौकातल्या विहिरीचं काय करणार तो?"

"बुजवणार. तिथे जिना येणार आहे."

आमच्या घराला गंगा चाळीस पावलांवर, तरी चौकात विहीर आहे. कोणी खणली ते घरात कोणालाच ठाऊक नाही. आमची माणसं आली तेव्हा ती होती असं आजी सांगायची. उन्हाळ्यात नळ आटतो तेव्हा मागच्या तीन घरांतल्या बायका अजून बादली घेऊन येतात. दाराला कडी लावायची नाही हा आजीचा नियम. सातही वारसांनी भिंती, लाकूड, जागा, सगळ्याची किंमत लावली होती. विहिरीचा उल्लेख कुठल्याच कागदात नव्हता.

घर विकायचं नाही असं आम्ही दोघंही म्हणालो नाही. छप्पर गळतं, मला एकटीला ते पेलत नाही. आम्ही फक्त एक ओळ वाढवायची ठरवली. बनारसला परतल्यावर घेणारा म्हणाला, विहीर ठेवली तर एक खोली कमी होते आणि गल्लीचं दार दिवसा उघडं ठेवावं लागेल. खोलीचे पैसे त्याने किमतीतून कापले. सहा वारसांना फोन करायला दोन दिवस लागले. दोघं रागावले, एकाने विचारलं की कराराच्या त्या ओळीला दहा वर्षांनी कोण विचारणार आहे. याचं उत्तर माझ्याकडे नाही. सही मात्र त्यानेही पाठवली.

शेवटचा फोन बहिणीचा होता. भाच्याने तिला हिशेब सांगितला, तिच्या वाट्याचे किती कमी होतात ते सांगितलं. ती लग्न होऊन गेली त्याला पस्तीस वर्षं झाली. पैशांबद्दल तिने काही विचारलं नाही.

"पाणी आहे का रे अजून तिला?" ती म्हणाली.

भाचा चौकात जाऊन पोहरा सोडून आला. "आहे," त्याने सांगितलं. "पाच हातांवर."