उंबऱ्याच्या आतल्या सपाता

आमच्या लहानपणी घरात चप्पल घालून फिरायची कुणाची छाती नव्हती. चपला ओटीवर काढायच्या, पाय धुवायचे, मग आत. चामड्याचा विटाळ! त्याच चामड्याच्या कोल्हापुरीला पुढे २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. वडिलांची कोल्हापुरी मात्र तेल पिऊन पिऊन मऊ झाली, करकरायची थांबली, तरी उंबऱ्याबाहेरच राहिली. ती शिवणारे हातही बाहेरच राहिले, हे तेव्हा आमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आजोबांच्या खडावा तेवढ्या आत. लाकडाला सोवळ्यात मुभा. अंगठ्यात खुंटी धरून ते देवघराकडे निघाले की खट् खट् आवाज आधी पोचायचा. बायका पदर सावरत, आम्ही पत्ते गादीखाली सारत असू. आजीला मात्र खडावा नव्हत्या. आधी सारवलेली जमीन, मग शहाबादी फरशी, ती जन्मभर अनवाणी. रात्री दिव्यावर आमसुलाचं तेल पातळ करून टाचेच्या भेगांत भरायची, आणि चटका बसला की हसायची.

मग रबरी स्लिपर आली. आजी तिला सपाता म्हणे. चामडं नाही, शिवाय धुता येते. सोवळ्याला पळवाट सापडली. आधी मोरीपुरती, मग मागच्या अंगणापर्यंत, आणि एक दिवस थेट माजघरात. पांढरा तळ, निळे पट्टे. थोड्याच दिवसांत पांढऱ्यावर पाच बोटांचे काळे ठसे उमटत, टाच पापडासारखी झिजे. अंगठ्याचं भोक सैल होऊन पट्टा निसटू लागला की खालून सेफ्टी पिन. तीही वाकली की नुसते पट्टे विकत आणून, साबण लावून भोकातून ओढायचे. जोड टाकून द्यायचा असतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आईची टाच साठीनंतर दुखायला लागली. डॉक्टरांनी बजावलं, “काकू, घरात स्लिपर घालायचीच.” घातली तिने. फक्त स्वयंपाकघराशी काढून ठेवायची, आणि दिवसातले सहा तास तर ती तिथेच उभी! फ्लॅटमध्ये आलो तेव्हा स्वयंपाकघराला उंबराच नव्हता. आईने फरशीचा रंग बदलतो ती रेघ धरली. तिथे तिच्या निळ्या पट्ट्यांचा जोड दिसला की ओळखायचं, आई ओट्याशी आहे.