मेजर निवडण्याआधीचा दरवाजा

आमच्या काळात बी.ए.चं गणित सोपं होतं. तीन वर्षं, शेवटी एक स्पेशल विषय आणि हातात पदवी. परवा भाची कॉलेजचं माहितीपत्रक घेऊन आली. म्हणाली, "मामू, हे मेजर, मायनर, क्रेडिट काय असतं? मराठी घेऊ की अर्थशास्त्र?"

आम्ही दोघं ते वाचत बसलो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ही रचना आली. वर्गात पंधरा तास शिकवलं की एक क्रेडिट. सहामाहीला साधारण २२ क्रेडिट, म्हणजे तीन वर्षांत १३२. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. यातली निदान निम्मी क्रेडिट मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची. बाकीची मायनर, भाषा, कौशल्य, दुसऱ्या शाखेतला एखादा विषय आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांत विभागलेली. तिच्या कॉलेजात पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाने शिकायचे आणि दुसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर ठरवायचं : एक मेजर, एक मायनर, तिसऱ्याला रामराम.

मी तिला म्हटलं, "मग आज कशाला ठरवतेस? दोन्ही घे. वर्षभर शीक आणि मग निवड." मला ही रचना आवडली ती एवढ्यासाठीच. सतराव्या-अठराव्या वर्षी, विषय नीट पाहण्याआधीच आयुष्य ठरवायला लावणं हा मुलांवर अन्यायच होता.

तिची अम्मी म्हणाली, "मराठी घेऊन काय करणार? आपल्यातलं कोण मराठीचं प्रोफेसर होतं?" मी डॉ. यू. म. पठाण यांचं नाव सांगितलं. आयुष्यभर संतसाहित्य आणि महानुभाव साहित्याचा अभ्यास केला, मराठवाडा विद्यापीठात मराठी शिकवलं आणि १९९० साली पुण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आपा गप्प झाल्या, पण त्यांचं समाधान झालं नाही. पोटापाण्याचा त्यांचा प्रश्न खोटा नाही. त्यावर उत्तर याच रचनेत आहे. मराठी मेजर ठेवून अर्थशास्त्र मायनर घेता येतं किंवा त्याच्या उलटही.

खरी काळजी मला दुसरीच वाटते. त्याच माहितीपत्रकात लिहिलंय की पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडलं, तर कौशल्याची चार जादा क्रेडिट पूर्ण करून सर्टिफिकेट मिळतं. दोन वर्षांनंतर डिप्लोमा. हेतू चांगला आहे. घरची अडचण आली तर मुलाची मेहनत वाया जात नाही. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते.

पण आपल्या मोहल्ल्यात हा दरवाजा कोणासाठी उघडेल, हे सांगायला ज्योतिषी नको. चांगलं स्थळ आलं की कोणीतरी म्हणणार, "सर्टिफिकेट मिळतंय ना, बस झालं. पुढचं सासरी जाऊन शिकेल." सासरी गेलेली मुलगी तीन वर्षांच्या आत कॉलेजच्या बाकावर परतल्याची उदाहरणं तुमच्या ओळखीत किती आहेत? मोजून पाहा. पूर्वी अर्ध्यावर शिक्षण सुटलं की घरच्यांना निदान चुटपुट तरी लागायची. आता त्या चुटपुटीवर लावायला शिक्क्याचा कागद आहे.

आणि वेळ पाहा. हा दरवाजा पहिल्या वर्षाच्या शेवटी आहे आणि मेजरची निवड दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला. जी मुलगी तिथून बाहेर पडली, तिने तीन विषय चाखले, पण तिचा स्वतःचा असा एकही झाला नाही. निवडायची वेळ येण्याआधीच तिच्यासाठी दुसऱ्यांनी निवडून टाकलं.

म्हणून आईबापांना माझी विनंती आहे. मुलीने मराठी घ्यावं की अर्थशास्त्र, यावर घरात जरूर वाद घाला. पण प्रवेशाच्या दिवशीच एक गोष्ट पक्की ठरवा : १३२ पूर्ण होईपर्यंत स्थळाची बोलणी नाहीत. विषय ती निवडेल. तिला तिथपर्यंत पोहोचू देणं एवढंच आपलं काम.