माकडाची फिर्याद

१८७१ साली अमेरिकेतल्या 'हार्पर्स वीकली'मध्ये थॉमस नास्टचं एक व्यंगचित्र छापून आलं. प्राणीरक्षक संस्थेच्या दारात एक गोरिला रडतोय. डार्विनकडे बोट दाखवून तो फिर्याद करतोय की हा माणूस माझ्या वंशावळीवर हक्क सांगतो. संस्थेचे हेन्री बर्ग डार्विनलाच जाब विचारतात. म्हणजे शास्त्रज्ञ आणि प्राणीमित्र, दोघांचीही एकाच चित्रात टर उडवली. त्याच वर्षी लंडनच्या 'हॉर्नेट'ने डार्विनचं डोकं चक्क ओरांगउटानच्या धडावर बसवलं.

लोक हसले. पण हसता हसता एक प्रश्न बाजूला राहिला. माकड आपलं नातेवाईक असेल, तर वेदनाही आपल्यासारखीच ना? मग जिवंत प्राणी टेबलावर बांधून चिरायचा हक्क कुणी दिला?

लंडनमध्ये हा प्रश्न लावून धरला फ्रान्सिस पॉवर कॉब या बाईंनी. १८७५ साली त्यांनी त्यासाठी संस्था काढली. त्यांची युक्ती मला कुठल्याही व्यंगचित्रकारापेक्षा जबर वाटते. शास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांसाठी छापलेल्या पुस्तकांतल्याच आकृत्या त्यांनी उचलल्या. बांधलेला कुत्रा, चिमट्यात धरलेला ससा, सगळं नीटनेटकं रेखाटलेलं. तेच आपल्या पत्रकांत छापलं. कुणाचं नाक लांब केलं नाही की कुणाला शेपूट लावलं नाही. तरी वाचणाऱ्यांच्या अंगावर काटा आला.

डार्विनला प्राण्यांचा छळ बघवत नसे. तरीही १८८१ साली 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून त्याने प्रयोगांची बाजू घेतली. कॉबबाईंनी त्याच पेपरात उत्तर दिलं. शास्त्रज्ञांचा एक टोमणा मात्र मला खराच वाटतो : कोल्ह्यामागे कुत्रे सोडणाऱ्या साहेबांना कुणी काही विचारत नाही!

मला यात एक बाजू धरता येत नाही. आमच्या फ्रिजमध्ये अम्मीचं इन्सुलिन असतं. १९२१ साली टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांचं स्वादुपिंड काढून ते प्रयोग केले होते. अम्मीला हे सांगितलं तेव्हा ती गल्लीतल्या कुत्र्यांसाठी शिळी भाकरी मोडत होती. हात थांबवून म्हणाली, "बेहोश तरी केलं होतं का रे त्यांना?"

इंग्लंडच्या १८७६च्या कायद्यात हीच अट होती. भूल दिल्याशिवाय प्रयोग करायचा नाही. खास दाखला मिळवला, तर त्यातूनही सूट होती.