केराची टोपली

आमच्या संगणकाच्या 'सी' ड्राइव्हची पट्टी परवां तांबडी झाली. 'ए' आणि 'बी' हीं अक्षरें पूर्वीं फ्लॉपींसाठीं राखलेलीं होतीं; फ्लॉपी गेल्या, पण त्यांच्या जागा अद्याप राखलेल्याच आहेत!

सुटी पाहून आम्ही कुरकुंभच्या घरीं झाडलोट मांडली. तात्पुरत्या फायली काढल्या, विंडोजची जुनी आवृत्ति काढली. तरी पट्टी तांबडीच. खरी अडगळ निघाली ती २०२० च्या टाळेबंदींत ध्वनिचित्रित केलेल्या आमच्याच व्याख्यानांची. मन घट्ट करून तीं पुसलीं. जागा तसूभरहि वाढली नाहीं. कन्या हंसून म्हणाली, "बाबा, तुम्ही तीं टोपलींत टाकलींत. टोपली कुठें रिकामी केलीत?"

आमच्या बहुतेक त्यागांची तऱ्हा हीच, वाचकहो! सोडल्याचें समाधान मिळतें, आणि वस्तु घरांतच राहते.

टोपली ओतण्यापूर्वीं एक व्याख्यान परत बाहेर काढून पाहिलें. आमचें पांडित्य आम्हांसच कंटाळवाणें वाटलें. पण आरंभीं हजेरी होती. एकेक नांव, आणि तुटक आवाजांत "हजर, सर." एक मुलगा म्हणत होता, "सर, रेंज मिळेना, म्हणून फिरंगाईच्या देवळापाशीं आलोंय." मागें घंटा वाजत होती.

तेवढें एक व्याख्यान बाहेरच्या डिस्कवर हलविलें. बाकीच्यांविषयीं संगणकानें विचारलें, "कायमचें पुसावयाचें काय?" आम्हीं 'होय' म्हटलें. पट्टी निळी झाली. आणि पुष्कळ वर्षांनीं आम्हांसहि थोडें मोकळें वाटलें.